एकटी गोष्ट घरी जात नाही

समुद्राच्या तळाशी बसून मी बिस्किटं चोरत होते आणि उशीखाली दडवत होते. हे मी रत्नागिरीत खुर्चीवर बसून, चहाचा कप हातात धरून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पडद्यावरची बाई मीच होते. नाक माझं, लहानपणी झाडावरून पडून मधोमध तुटलेली डावी भुवईसुद्धा माझीच. फक्त कानांत मी जन्मात न घातलेले दागिने होते. बिस्किटं दडवून झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली. मुक्कामप्रमुखांनी हाक मारली तेव्हा म्हणाली, "जी सायेब." मी आजवर कुणालाही जी सायेब म्हटलेलं नाही. आमच्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक याची साक्ष देतील, बिचारे.

पुढच्या महिन्यात बाकीचे लोक गाणी म्हणत असताना ती उठून एकटीच नाचायला लागली. त्याच्या पुढच्या महिन्यात हवेच्या गाळणीवरून कुणाशी तरी वाद झाला, तर मासे मारायचा भाला घेऊन दाराशी जाऊन बसली. तिथं पडदा थांबला आणि खाली निकाल उमटला: मैनी पुंगाटी, अयोग्य.

चहा गार झाला होता. तरी मी तो प्यायले, कारण काहीतरी करणं भाग होतं.

तळमुक्काम म्हणजे काय ते आधी सांगते. रत्नागिरीपासून दूर, समुद्राच्या तळावर सहा माणसं वर्षभर राहू शकतील असं ते पोलादी घर. तळातून झिरपणाऱ्या वायूचा अभ्यास करायचा म्हणून बांधलेलं. तिथली हवा पाण्याच्या दाबाइतकीच दाबलेली ठेवावी लागते. त्यामुळे कंटाळा आला म्हणून कुणाला वर येता येत नाही. दाब हळूहळू उतरवत यायला काही दिवस लागतात, घाई केली तर रक्तातला वायू सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो आणि माणूस संपतो. म्हणून तिथं एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं पाठवून चालत नाही. माझं काम होतं हवा राखण्याचं. ती किती दाबायची, किती गाळायची, कुठं शिळी होते. तीन वर्षं मी याच मुक्कामासाठी शिकत होते आणि तिथं जाण्याखेरीज मला दुसरं काहीही नको होतं.

निवडीसाठी संस्थेनं 'पडछाया' नावाचं यंत्र आणलं होतं. ते उमेदवाराची हुबेहूब प्रतिमा तयार करतं आणि तिला कृत्रिम मुक्कामात वर्षभर जगवून बघतं. आपलं एक वर्ष म्हणजे त्याची एक दुपार.

निवड समितीच्या प्रमुख डॉ. वैखरी खांबेटे भल्या बाई. पडदा बंद झाल्यावर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या की, हे तुझ्याबद्दल नाही, असं समज. मी म्हटलं, "मॅडम, भुवई माझी आहे."

मग त्यांनी मला यंत्राचं पोट उघडून दाखवलं. उमेदवाराच्या मुलाखती, चाचण्या, पत्रं, निरोप हे सगळं त्यात जातं. पण वर्षभराच्या जगण्यात माणूस लाखभर बारीकसारीक निर्णय घेतो, आणि मुलाखतीत त्यातले मूठभरसुद्धा येत नाहीत. उरलेल्या जागा यंत्र भरतं ते अशा माणसांबद्दल जगानं आजवर जे लिहिलं, सांगितलं, दाखवलं त्यातून.

"मग हेरंबच्या जागा कशानं भरल्या?" मी विचारलं. हेरंब साठ्ये हा माझा पाण्यातला जोडीदार, पुण्याचा. त्याची निवड झाली होती.

मॅडमनी दाखवलं. पुण्याच्या मध्यमवर्गीय माणसाबद्दल यंत्राकडे डोंगरभर मजकूर होता. नाटकं, कादंबऱ्या, भांडणं, प्रेमपत्रं, पाककृती, एकमेकांची उणीदुणी. त्यात शूर होते, भित्रे होते, उदार होते आणि अर्धा कप चहा देणारेही होते. इतक्या तऱ्हा पाहून यंत्र गोंधळलं आणि त्यानं शेरा मारला: निश्चित सांगता येत नाही, व्यक्तीच्या स्वतःच्या उत्तरांवर विसंबावे. हेरंबची उत्तरं चांगली होती. तो पास.

माझ्या वेळी यंत्राला गोंधळायची वेळच आली नाही. माझ्यासारखा भामरागडकडचा माडिया आदिवासी म्हटला की त्याच्याकडे तीनच गोष्टी होत्या. एक बंदुकीची, एक भुकेची आणि एक नाचाची. कुणी पहिली लिहिली, दुसऱ्यानं तीच उचलली, तिसऱ्यानं त्यावर मालिका काढली. हजारो वेळा सांगितलेल्या त्या तीन गोष्टी यंत्रानं हजारो पुरावे म्हणून मोजल्या. सगळे एकच सांगतात म्हटल्यावर त्याची खात्री इतकी पक्की झाली की माझी स्वतःची उत्तरं त्यापुढे कस्पटासारखी उडून गेली.

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या कामात हवेचे तीन मापक एकाच कोपऱ्यात लावले तर तिन्ही एकच आकडा दाखवतात. म्हणून आम्ही त्यावर जास्त विश्वास ठेवत नाही. तो एकच मापक तीनदा वाचला असं धरतो."

त्यांनी नियमांची फाईल ओढली. मग म्हणाल्या की नियमात फेरतपासणीची सोय आहे, उमेदवारानं नवा मजकूर आणून दिला तर. रिकाम्या हातानं मात्र समितीपुढे जाता येणार नाही.

हे सगळं मी पचवलं असतं. पचलं नाही ते दुसऱ्या दिवशीचं. सरावाच्या टाकीत दोरी कापायची सुरी आम्ही जोडीदार एकमेकांना द्यायचो, आणि देताना मूठ समोरच्याकडे करायची हा शिरस्ता. त्या दिवशी हेरंबनं सुरी खाली ठेवली आणि पायानं माझ्याकडे सरकवली. चुकून नाही. त्यालाही ते कळलं आणि त्याचे कान लाल झाले. त्यानं माझा तो सिनेमा पाहिला होता. तीन वर्षं मी याच्याबरोबर एका नळीतून श्वास घेतला होता, आणि एका दुपारच्या बनावट चित्रानं ते सगळं पुसून टाकलं. मी टाकीतून बाहेर आले आणि अंघोळीच्या खोलीत जाऊन रडले. लाज वगैरे काही वाटली नाही, राग आला.

त्याच आठवड्यात ऐकलेलं सगळं पडछाया यंत्राला पोचवणारी डबी पाठीवर टाकून मी मरकागुड्याला गेले.

मरकागुडा हे माझं गाव, भामरागडच्या पुढं, नदीपलीकडे. आता पूल झालाय. पूर्वी पावसाळ्यात नदी चढली की गाव जगापासून तुटायचं, तेव्हा आमच्याकडे त्याला कुणी संकट म्हणत नसे, पावसाळा म्हणत. आई मी कॉलेजात असताना गेली. आता घरी जुरीआत्या असते, माझ्या बापाची थोरली बहीण. तिला मी सगळं सांगितलं. ती ऐकत मासे निवडत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली की पडद्यावरच्या बाईला निदान बिस्किटं तरी खाऊ द्यायची होती.

मी गावाला सांगितलं की या डबीला गोष्टी सांगा, तुमच्या मनातल्या. बस्स, मला वाटलं काम झालं. पण आमच्या गावानं गेल्या वीस वर्षांत कॅमेरेवाले खूप पाहिलेत. डबी दिसताच दसरू उठून घरी गेला. दसरू हा माझा चुलतभाऊ, तालुक्यातले फवारणीचे ड्रोन दुरुस्त करतो, जीन्सशिवाय दिसत नाही. तो परत आला तो डोक्याला पिसं खोचून. मग त्यानं वाघाच्या तोंडात हात घातल्याची गोष्ट सांगितली. दसरू मांजराला घाबरतो. त्याच्यामागोमाग कुणी उपासमारीचं सांगितलं, कुणी मंत्रानं साप उतरवल्याचं, पोरींनी फेर धरला. मी अडवते आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं, इतके सगळे मन लावून माझं भलं करत होते.

तो मजकूर गेला आणि दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. माझी पडछाया आता पहिल्या आठवड्यापासूनच नाचत होती, आणि यंत्राची खात्री आणखी वाढली होती.

मी दसरूवर तोंड टाकलं. तो खरंच दुखावला. म्हणाला, "ताई, पाहुण्याला जे आवडतं तेच वाढायचं असतं ना?"

बरोबरच होतं त्याचं. आमच्याकडे पाहुण्याला त्याच्या आवडीचं न वाढणं ही नाक कापणारी गोष्ट आहे. बाहेरच्यांना तीनच पदार्थ आवडतात हे गावानं ओळखलं होतं आणि ते बिनचूक रांधत होतं. लिहिणारे खोटं लिहीत नव्हते, त्यांना वाढलेलंच ते घेऊन जात होते. आणि अधिक काही मागावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा जुरीआत्या बोलली. "ते यंत्र पाहुणं म्हणून आलं तर त्याला पाहुण्यासारखंच वाढणार. त्याला गोटुलात बसव. तिथं पाहुणा कुणी नसतो."

गोटूल म्हणजे गावाची सगळ्यांनी मिळून बसायची जागा. तिथं गोष्टी सांगायची आमच्या गावाची एक रीत आहे. कुणी गावातल्या एखाद्या माणसाची गोष्ट सांगितली की दुसऱ्यानं लगेच त्याच माणसाची दुसरी सांगायची, आणि ती पहिलीशी न जुळणारी हवी. भित्र्याची गोष्ट झाली तर त्याच्या हिमतीची, शहाण्याची झाली तर त्याच्या गाढवपणाची. मधे एक हुंकार देणारी बाई बसते. दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय ती 'हूं' म्हणत नाही, ऐकलेलीच पुन्हा आली तर मान फिरवते. तोवर कुणी उठायचं नाही. एकटी गोष्ट घरी जात नाही, असं आमच्याकडे म्हणतात. गावात हुंकाराचा मान जुरीआत्याचा, आणि ती देवालाही फुकटचा हूं देणार नाही.

मी मॅडमना फोन लावला आणि विचारलं की यंत्राला एक नियम लावता येईल का. आत्याचा हूं आला तरच गोष्ट धरायची, आणि तीही जोडीनं. एकटी मोजायची नाही, पुन्हा आलेली तर मुळीच नाही. मॅडम म्हणाल्या, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मी म्हटलं, वेगवेगळ्या कोपऱ्यांत मापक लावायचे. यावर त्या हसल्या आणि प्रयोग म्हणून तयार झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, डबी गोटुलात माणसांच्या मधे ठेवली. तिला कुणी नमस्कार केला नाही. पहिली गोष्ट दसरूची निघाली, मांजराची, आणि लोक हसून लोळले. त्याची दुसरी त्याच्या बायकोनं सांगितली. ती बाळंतपणात अडली तेव्हा वाटेतला ओढा भरला होता. यानं फवारणीचा मोडका ड्रोन जोडून, वाऱ्याला शिव्या देत, रक्ताची पिशवी पलीकडून आणली होती. आत्या म्हणाली, "हूं." शाळेच्या बाईंची झाली. नवऱ्याच्या घोरण्याविरुद्ध गावपंचायत बोलावणाऱ्या बाईची झाली, आणि तोच नवरा परगावी गेल्यावर हिला झोप येत नाही, हीही. बंदुका आल्या, भूक आली, नाचही आला. कुणी काही लपवलं नाही. पण प्रत्येक गोष्टीच्या बाजूला तिची जोडीदारीण येऊन बसत होती.

मग आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या बापाची सांग."

मला त्याची एकच गोष्ट माहीत होती. मी पाच वर्षांची होते. दोन्हीकडून गोळीबार झाला आणि मधे सापडून लालसू पुंगाटी मेला. वर्तमानपत्रात एक ओळ आली होती, एक आदिवासी ठार. आई त्यावर कधी बोलली नाही, मीही कुणाला विचारलं नाही. ती ओळ मी गोटुलात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटली.

आत्यानं हूं म्हटलं नाही. ती स्वतःच दुसरी सांगायला लागली.

"पूर आला त्या वर्षी गाव शाळेच्या गच्चीवर होतं. कितीतरी दिवस. तांदूळ मोजका. मिठाचं पोतं मात्र भरलेलं. माणसं एकमेकांवर खेकसायला लागली. लालसू म्हणाला, मी रांधतो. आणि रोज मीठ जास्त टाकायचा. रोज. सगळं गाव मिळून त्याला शिव्या द्यायचं. मी त्याला कोपऱ्यात धरून विचारलं, हात तुटला का तुझा? तर म्हणाला, अक्का, माझ्यावर चिडतात तोवर एकमेकांवर चिडत नाहीत."

गच्चीवर असलेली म्हातारी माणसं आता गोटुलात बसली होती. त्यांतल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे ते मुद्दाम होतं?" आणि इतके हसले की खोकला लागला. मी हसत होते आणि रडत होते. पंचवीस वर्षं माझा बाप एका ओळीत मरून पडला होता, तो उठून स्वयंपाकाला लागला होता.

मी आत्याला म्हटलं, हे आजवर का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "पहिली सांगितल्याशिवाय दुसरी कशी सांगू? पहिली तुझ्याकडे होती." मग तिनं हूं म्हटलं, आणि डबीवरचा दिवा एकदा लुकलुकला.

फेरतपासणीच्या दिवशी समितीपुढे पडदा लागला. त्या बाईच्या कानांत दागिने नव्हते. ती भांडली, आळसावली, एकदा चुकीची झडप फिरवून तिनं ओरडाही खाल्ला. मधेच एका जेवणात तिनं आमटी खारट केली. हेरंबची पडछाया कुणाची तरी चहाडी सांगायला लागली, तर ती म्हणाली, "बरं, आता त्याचीच दुसरी सांग." समितीतले एकजण पुटपुटले की यातून नक्की काय निष्कर्ष काढायचा? त्यांना उत्तर पडद्यानंच दिलं: निश्चित सांगता येत नाही, व्यक्तीच्या स्वतःच्या उत्तरांवर विसंबावे.

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं मोठं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही.

माझी उत्तरं पहिल्या दिवसापासून फायलीत पडून होती. ती वाचायला समितीला अर्धा तास लागला. बाहेर येऊन मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "जा, हवा राख." पुढं त्यांनी जोडीचा नियम यंत्रात कायमचा बसवून घेतला. आधी अयोग्य ठरलेल्यांना परत बोलावलं, त्यांत डोंबाऱ्यांचा एक पोरगा होता, पारध्यांची एक डॉक्टर होती, आणि सगळ्यांच्या गावी डबी गेली. पाहुणी म्हणून नाही, मधे बसायला.

आता मी हे सांगते आहे ते तळमुक्कामातून. खिडकीबाहेर काळोख आहे आणि त्यातून अधूनमधून एखादा मासा डोकावून जातो.

सहा महिने बरे गेले. मग बिस्किटं कमी व्हायला लागली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, बोलणं तुटक झालं. मुक्कामप्रमुखांनी झडती घेतली तेव्हा पुडे सापडले ते हेरंब साठ्येच्या उशीखाली. पुण्याचा माणूस, आणि त्याच्याबद्दलच्या डोंगरभर मजकुरात ही एक गोष्ट नेमकी कुणी लिहिली नव्हती. कुणी त्याच्याशी बोलेना. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

त्या दिवशी खिचडी माझ्याकडे होती. मी मीठ टाकलं, मग आणखी टाकलं. पहिल्या घासाला सगळ्यांची तोंडं वेडीवाकडी झाली आणि पाचही जण माझ्यावर तुटून पडले. सर्वांत जोरात हेरंब. बऱ्याच दिवसांनी सगळे एका सुरात बोलत होते.

जेवणानंतर वर बोलायची माझी पाळी होती. आत्या मरकागुड्यात फोन धरून बसली होती. सगळ्यांच्या देखत मी तिला बिस्किटांची गोष्ट सांगितली. पलीकडून हूं आला नाही. हेरंबनं मान खाली घातली.

मग मी दुसरी सांगितली. गेल्या महिन्यात बाहेर पाण्यात माझी नळी वाहत आलेल्या मासेमारीच्या जाळ्यात अडकली होती. हवा संपत आली होती. हेरंबला परत फिरायचा हुकूम होता, तो फिरला नाही. त्यानं आपली नळी मला दिली, जाळं कापत राहिला आणि त्याचा हात आखडला तेव्हा सुरी माझ्याकडे केली. मूठ माझ्या बाजूला होती.

दूरच्या त्या गावातून, नदी आणि डोंगर आणि साऱ्या समुद्राचं वजन ओलांडून आवाज आला, "हूं."

हेरंबनं झडतीतून सुटलेला शेवटचा पुडा उशीच्या खोळीतून काढला आणि सगळ्यांच्या मधे ठेवला.